महालातल्या वाड्यात वीस जणांची राहायची सोय: संडास-न्हाण्या कुठे काढाव्या?

धाकटे_महालकर

मंडळी, सल्ला पाहिजे. नागपूरच्या महाल भागात, बडकस चौकाच्या मागच्या गल्लीत आमचा जुना वाडा आहे. दगडी जोतं, सागवानी खांब, मधे चौक, वर एक मजला आणि त्याच्यावर कवेलू, म्हणजे कौलं. आजोबा होते तोवर घर भरलेलं होतं. आता खाली मोठे काका-काकू, रस्त्याकडच्या छपरीत एक जुने टेलर, बाकी सगळं कुलपात. बिल्डर दर दिवाळीला मिठाईचा डबा घेऊन येतो. काकांना वाडा पाडायचा नाही, मलाही नाही. पण नुसता उभा ठेवायलाही पैसा लागतोच.

डोक्यात असं आहे की वरचा मजला आणि मागची बाजू नीट करून शिकणाऱ्या, नोकरी करणाऱ्या मुलामुलींना राहायला द्यायची. मेयो हॉस्पिटल जवळ, मेडिकल कॉलेजही फार लांब नाही, चितार ओळीचं मेट्रो स्टेशन पायी जाता येईल एवढ्यावर. आजकाल को-लिव्हिंग म्हणतात तसं काहीतरी: वायफाय, कपडे धुवायचं मशीन, एकत्र बसायला जागा, प्रत्येकाला स्वतःचं टेबल. एका इंटिरिअरवाल्याने वीस खाटांचा नकाशा काढून दिला. त्यात प्रत्येक खोलीला आतूनच संडास-बाथरूम आणि चौकावर पारदर्शक पत्रा टाकून खाली एसी लाऊंज. कागदावर भारी दिसते. काकांनी तो चष्मा लावून नीट पाहिला आणि एवढंच विचारलं, "वरचं पाणी कुठून जाईल?" इंटिरिअरवाला म्हणे साइटवर बघू.

कोणी अशा घरात हे काम केलं आहे का?

तर्री_मारके

वीस पोट्टे आणि दोन संडास असं मात्र करू नका राजेहो. सकाळी साडेसातला मारबतीच्या मिरवणुकीसारखी गर्दी होईल.

चुनखडी

मी जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचंच काम करते, म्हणून जरा लांब लिहिते.

तुमच्या काकांनी बरोब्बर नस पकडली. वरच्या मजल्याची जमीन तुळया, त्यावर कड्या आणि त्यावर फळ्या अशी असणार. तिथे बाथरूम काढायचं म्हणजे आधी कोबा, मग वॉटरप्रूफिंग, मग टाइल्स. दोन इंच काँक्रीट ओतलं तरी चौरस मीटरला १२० किलो वजन चढतं. दहा बाय बाराच्या खोलीला तेराशे किलोच्या वर, आणि अजून त्यात माणूस, बादली, टाकी काहीच नाही. लाकूड एकवेळ वजन सोसेल, ओल सोसणार नाही. गळती सुरू झाली की तुळईचं भिंतीत गेलेलं टोक सगळ्यात आधी कुजतं, आणि नेमकं तेच कोणाला दिसत नाही. दिसतं तेव्हा तुळई बसलेली असते.

म्हणून जुन्या घरात फक्त कोरडं ठेवा. खाट, टेबल, कपाट, दिवा. पाण्याचं सगळं काम मागच्या परसात नवीन उभं करा. लोखंडी सांगाड्याचा दोन मजली उभा ठोकळा, त्याचा पाया वेगळा, जुन्या भिंतीपासून चार बोटं सुटा. वरच्या मजल्यावरून तिथे जायला लहानसा पूल किंवा सज्जा. पाइप बाहेरून, उघडे, हात पोचेल असे. चौघांमागे एक संडास आणि एक न्हाणी धरा, शिवाय सज्ज्यात ओळीने बेसिनं. सकाळची अर्धी गर्दी दात घासणाऱ्यांची असते.

जुनी मंडळी हेच करत होती. न्हाणी आणि संडास कधीही माजघराला चिकटून नव्हते.

नंदनवनवाला

मॅडमचा अनुभव मोठा आहे, पण मी गेली काही वर्षं मुलांची पीजी चालवतो, बाजाराचं सांगतो. आजचा मुलगा खोली बघायला आला की पहिला प्रश्न "अटॅच्ड आहे का?" नाही म्हटलं की पुढचा प्रश्न विचारतच नाही, गाडीला किक मारून निघतो. सज्ज्यातून रात्री दोनला संडासला जायचं, तेही जानेवारीत? एका खाटेला साडेसहा हजार मागत असाल तर साडेचारच मिळतील.

रात्रपाळी_मेयो

मी त्याच वर्गातली, म्हणजे तुमचं गिऱ्हाईक. अटॅच्ड बाथरूम असलेल्या खोलीत तिघींसोबत राहिले आहे. खिडकी नव्हती, एक्झॉस्ट बंद, दिवसभर खोलीत फिनाइलचा वास आणि उशीपर्यंत ओल. मला विचाराल तर पाहिजे ते एवढं: एकटीची खोली, आतून लागणारी कडी, झोपायला अंधार. मी सकाळी नऊला ड्यूटीवरून येते तेव्हा घर जागं होत असतं. एकटीला खोली असेल तर पूल ओलांडून न्हाणीत जाईन, काही बिघडत नाही. पुलावर छप्पर आणि दिवा तेवढा द्या. तिघींच्या खोलीत सोन्याचा नळ बसवला तरी नको.

नंदनवनवाला

एकटीची खोली म्हणजे खाटा अर्ध्या. धंदा कसा बसवायचा ताई?

रात्रपाळी_मेयो

भाडं दीडपट घ्या न. मी देते.

कवेलूखालचा

उन्हाळ्याचं कोणीच बोलून नाही राहिलं! पंचेचाळीस डिग्रीत चौकावर पारदर्शक पत्रा? भाऊ, पापड वाळवायचे आहेत का भाडेकरू?

आमच्या इतवारीच्या घरी शेजाऱ्यांनी हाच पराक्रम केला. आधी चौकातून गरम हवा वर निघून जायची, रात्री थंड हवा खाली बसायची. पत्रा टाकल्यावर वरच्या मजल्यावर मे महिन्यात दुपारी उभं राहवत नव्हतं. मग एसी लावले, मग लोड वाढवून घेतला, मग बिल बघून दोन एसी बंद केले. पावसाची झड येते म्हणून टाकायचंच असेल तर चौकाच्या कडेने सज्जाचं छप्पर दोन फूट पुढे घ्या, मधलं आभाळ उघडं ठेवा.

आणि दोन फुटाच्या भिंतीची गंमत अशी की ती दुपारी थंड असते पण रात्री दहानंतर साठवलेली उष्णता सोडत बसते. म्हणून रात्री खिडक्या उघड्या पाहिजेत. जाळी बसवा, डास येणार नाहीत. वरची खोली असेल तर कवेलूखाली लाकडी छत करा आणि मधली हवा बाजूने निघायला झरोका ठेवा. कवेलू काढून टिनाचे पत्रे टाकाल तर मात्र मुलांना ताक मोफत द्यावं लागेल.

बुधवारीचा_बाळू

कूलर लावा न बाप्पा, एसीचं काऊन घेऊन बसले.

कवेलूखालचा

हाव, कूलरच. पण खोलीखोलीत टपातले नको. लाकडी जमिनीवर पाणी सांडतंच. वर गच्चीचा तुकडा असेल तिथे एक मोठा डक्टिंगचा कूलर, पत्र्याच्या नळीने प्रत्येक खोलीत झडप. फक्त हवा बाहेर जायला वाट पाहिजे, नाहीतर खोली दमट होते आणि अंग चिकचिक करते. कूलरच्या खिडकीसमोरची खिडकी बंद करून "कूलर थंड करत नाही" म्हणणारे अर्ध्या नागपुरात आहेत. जुलैनंतर हवाच दमट, तेव्हा कूलर निरुपयोगी, पंखेच. ज्याला एसी पाहिजे त्याने स्वतःच्या मीटरवर घ्यावा. सबमीटर प्रत्येक खोलीला, हे सुरुवातीलाच. नंतर बिलावरून भांडणं होतात.

यॉर्कवासी

मूळचा रामदासपेठेचा, सध्या इंग्लंडात यॉर्कला. हे शहरही तटबंदीच्या आतलं, जुनं, बोळांचं, आणि विद्यार्थ्यांनी भरलेलं. इकडे वेगवेगळ्या कुटुंबांतले पाच किंवा जास्त लोक एका घरात राहून स्वयंपाकघर-बाथरूम वाटून घेत असतील तर घरमालकाला लायसन्स लागतं. एका मोठ्या माणसाच्या झोपायच्या खोलीला किमान ६.५१ चौरस मीटर, म्हणजे साधारण ७० चौरस फूट, आणि दोघांना १०.२२ चौरस मीटर. त्याच्या खाली असेल तर ती खोली झोपायला देताच येत नाही. तुमच्या नकाशातल्या खोल्या या मापाने मोजून पाहा. हा नियम इथला, पण माप वाईट नाही.

दुसरं. इथल्या नवीन वसतिगृहांत पाच ते आठ खोल्या आणि त्यांचं एक स्वयंपाकघर असा गट करतात. खाली पूल टेबल, बीनबॅग वगैरे ठेवलेला मोठा हॉल असतो, तो फोटोपुरता. ओळखी होतात त्या स्वयंपाकघरात, चहा उकळताना. तेव्हा वीस जणांचा एक मेळा न करता दोन-तीन लहान घरं करा. भांडी कोणी घासली नाहीत हे सहा जणांत लगेच कळतं, वीस जणांत कधीच नाही.

तर्री_मारके

वीस जणांत ती भांडी कोणाची आहेत हेही कळत नाही.

संस्कारी_नागपूरकर

स्वयंपाकघराचा विषय निघालाच आहे तर, फक्त शाकाहारी ठेवा. वाड्यात देवघर आहे, काका-काकू खाली राहतात. नंतर कटकट नको.

बुधवारीचा_बाळू

महालात राहून सावजीला बंदी? मग पोट्टे राहतील कशाले?

रेशीमबाग_रिटर्न्स

विनोद पुरे. "फक्त शाकाहारी" या पाटीमागे पुष्कळदा आडनाव विचारणं असतं, हे इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. मला या शहरात खोली शोधताना आधी जेवण विचारलं, मग गाव विचारलं, मग "पूर्ण नाव?" आणि मग "खोली कालच गेली हो". ती पाटी लावायची असेल तर लावा, पण को-लिव्हिंग वगैरे म्हणू नका.

संस्कारी_नागपूरकर

तुम्ही भलताच अर्थ काढला. मी फक्त वृद्धांच्या सोयीचं म्हणालो.

रेशीमबाग_रिटर्न्स

वृद्धांची सोय करायची तर त्यांचं स्वयंपाकघर वेगळं ठेवा. ते आधीच वेगळं आहे.

संपादक

आडनावांवरची चर्चा इथेच थांबवू या. दोन प्रतिसाद काढले आहेत. मुद्दा वाड्याचा आहे.

यॉर्कवासी

संपादकांचा मान राखून एवढंच: दोन गट, दोन स्वयंपाकघरं केली तर हा प्रश्न नकाशातच बराचसा सुटतो. ज्याला जे शिजवायचं ते तो शिजवेल. नियम स्वच्छतेचा असावा, पदार्थाचा नाही.

अग्निबाण

लाकडाचं घर, अरुंद गल्ली, वीस माणसं, वीस चार्जर. मला तर या धाग्याचं शीर्षकच "जिना कुठे काढावा" असं असायला पाहिजे होतं.

ज्या भोसल्यांच्या वाड्यावरून आपण त्या भागाला महाल म्हणतो, तो काळ्या दगडाचा, लाकडी नक्षीकामाचा राजवाडा १८६४ साली जळाला. उरलं ते नगारखान्याचं प्रवेशद्वार. राजवाड्याची ही गत, तर आपण कोण?

तुमच्या वाड्यात बहुतेक भिंतीच्या जाडीतून जाणारा अंधारा जिना असेल. एका वेळी एक माणूस, डोकं वाकवून, वर झाकण. चोर-दरोड्याच्या काळात तो बरोबर होता. रात्री धूर झाला तर तोच जिना धुराडं होतो. तो ठेवा, पण दुसरा रुंद लोखंडी जिना मागच्या बाजूने काढाच. चुनखडी ताईंचा न्हाण्यांचा ठोकळा होणारच आहे, त्याच्याच अंगाला लावा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. दिंडी दरवाजाच्या आत, लाकडी छताखाली, पोरं गाड्या लावणार आणि त्यात दोन-तीन इलेक्ट्रिक स्कूटर असणार. तिथेच प्लग काढून चार्जिंग सुरू. बॅटरीने पेट घेतला तर आग नेमकी बाहेर जायच्या वाटेवर. चार्जिंग परसात, उघड्यावर, सिमेंटच्या भिंतीशी. खोलीत बॅटरी नेऊन लावायची नाही हे करारात लिहा. जुनी वायरिंग संपूर्ण काढा, "अर्धी चांगली आहे" म्हणणाऱ्या इलेक्ट्रिशियनला चहा पाजून परत पाठवा. इमारत २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्याखाली आली तर दर जानेवारी-जुलैत परवानाधारक एजन्सीकडून बी फॉर्म (आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला) घ्यावा लागेल. अग्निशमन विभागात जाऊन आधीच विचारा.

धाकटे_महालकर

जिना अगदी तसाच आहे. लहानपणी त्या झाकणावर बसून आम्ही चुलत भावाला वर येऊ देत नव्हतो.

टेलरकाकांचं काय करावं? इंटिरिअरवाला म्हणतो त्यांची छपरी मोकळी केली तर तिथे मस्त कॅफे होईल. भाडं अजूनही शंभराच्या आत आहे.

कोर्टाची_पायरी

१९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, लागू ३१ मार्च २०००. जुना भाडेकरू नियमित भाडं देत असेल तर असा सहज निघत नाही, आणि कॅफेसाठी तर नाहीच. नव्या मुलांशी लिव्ह अँड लायसन्सचा करार करा आणि तो नोंदवा. कलम ५५ प्रमाणे नोंदवायची जबाबदारी घरमालकाची आहे. पोलीस ठाण्यात भाडेकरूंची माहितीही द्या.

त्याच्याही आधीचा प्रश्न: आखिव पत्रिकेवर, म्हणजे शहरातल्या जागेच्या मालकीच्या सरकारी उताऱ्यावर, कोणाकोणाची नावं आहेत? आजोबांचंच नाव असेल तर सगळे काका, त्यांची मुलं आणि आत्यासुद्धा हिस्सेदार. पाच लाख खर्चून झाल्यावर पुण्याहून एखादी आत्या "मला कोणी विचारलंच नाही" म्हणाली की काम बंद. सगळ्यांची लेखी संमती आधी, सिमेंट नंतर.

चुनखडी

सिमेंट नंतरही नको. :)

वाडा मनपाच्या वारसा यादीत आहे का तेही बघून घ्या. असेल तर श्रेणी महत्त्वाची. पहिल्या श्रेणीत जवळपास काहीच हलवता येत नाही, तिसऱ्या श्रेणीत आतले बदल आणि नवा वापर साधारणपणे मिळतो. यादीत असेल तर वारसा समितीकडून परवानगी घेतल्याशिवाय मागचा ठोकळाही उभा करू नका.

टेलरकाकांना तर हात लावू नका. कायद्यासाठी नाही, घरासाठी. दिवसभर दारात बसलेला ओळखीचा माणूस, कोण आलं-गेलं बघणारा, कुरिअर घेणारा. कॅमेरा तेवढं करत नाही.

नंदनवनवाला

हे मात्र खरं. माझ्याकडे पार्सलं चोरीला जातात आणि फुटेजमध्ये हेल्मेट दिसतं.

अवांतर: जीएसटीचं सांगून ठेवतो. जुलै २०२४ पासून माणशी महिना २० हजारापर्यंत आणि सलग ९० दिवस मुक्काम असेल तर सूट आहे. चार-आठ दिवसांचे पाहुणे ठेवाल तर ती लागू नाही.

कोर्टाची_पायरी

सेवांची एकूण उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर नोंदणीच लागत नाही. त्यांच्या वीस खाटा साडेसहा हजाराने वर्षभर भरल्या तरी १५ लाख ६० हजार होतात. घाबरवू नका माणसाला.

अकोटची_सून

भिंतींचं सांगते. सासरच्या वाड्याला ठेकेदाराने खालून चार फूट सिमेंटचं प्लास्टर केलं आणि वर ऑइलपेंट. "धुता येते" म्हणे. दोन पावसाळ्यांत पेंटला फोड आले, फोडले की आतून पांढरं मिठासारखं भुरभुर पडायचं. ओल जमिनीतून वर येते, तिला बाहेर पडायला जागा नाही, मग ती अजून वर चढते. शेवटी सहा फुटापर्यंत गेली आणि कपाटातल्या पैठणीला बुरशी. आता सगळं खरवडून चुन्याचं केलं. चुना अंगाला लागतो, काळे कपडे घालून टेकता येत नाही, पण भिंत कोरडी आहे.

बुधवारीचा_बाळू

चुना कोण करते आता? गूळ-बेलफळ टाकून चुन्याच्या घाण्यात दळणारे गेले सगळे.

चुनखडी

गेले नाहीत, कमी झाले. देवळांच्या कामावर भेटतात. चुना भिजवून काही आठवडे मुरवायचा असतो, म्हणून काम सुरू व्हायच्या खूप आधी खड्डा भरून ठेवा. मजुराला रोजावर बसवून चुना मुरत नाही. खालच्या खांबांचे तळखडे (खांबाखालचे दगड) आणि उधई तेवढी आधी तपासा. खांबाच्या लाकडात तळाशी स्क्रूड्रायव्हर टोचून बघा, आत सहज गेला तर तेवढाच तुकडा बदलता येतो, पूर्ण खांब नाही.

रात्रपाळी_मेयो

एक राहिलं. "रात्री दहाला दिंडी बंद" असा नियम कराल का? कारण मग मी आणि माझ्यासारख्या सगळ्या बाद.

संस्कारी_नागपूरकर

मुलींच्या सुरक्षेसाठी वेळ पाहिजेच.

रात्रपाळी_मेयो

रात्री दीडला बंद दिंडीबाहेर उभं राहणं जास्त असुरक्षित आहे. किल्ली द्या, गल्लीत दिवा लावा.

अनाम_वाचक

+१

धाकटे_महालकर

सगळ्यांचे आभार. रविवारी टेप घेऊन काकांसोबत वाडा मोजला. वरच्या आठ खोल्यांपैकी दोन ७० चौरस फुटांच्या खाली भरल्या. त्यांत कोणाला झोपवायचं नाही. एकीत मशीन आणि इस्त्रीचं टेबल ठेवावं म्हटलं, पण मशीन म्हणजे पाणीच, म्हणून ते परसात. एकीत अभ्यासाची जागा, दुसरीत सामान. उरलेल्या सहा खोल्या एकेकट्याला. मागच्या जुन्या गोठ्याच्या जागी तळमजल्यावर चार खोल्या निघतात, तिथे जमीन पक्की आहे. म्हणजे दहा जण, सहा आणि चार असे दोन गट, दोन स्वयंपाकघरं. वरच्या गटाचं स्वयंपाकघर न्हाण्यांच्या ठोकळ्यातच, पुलापलीकडे. लाकडी जमिनीवर गॅस नाही. चौक उघडा राहणार. जिना मागून. दिंडीच्या किल्ल्या सगळ्यांना.

भाडं नऊ हजार धरलं आहे, वीज वेगळी. कर्जाचा हप्ता कसाबसा निघतो. काकूंचं म्हणणं आहे की दहा जणांचे कपडे चौकात वाळणार नाहीत, त्यासाठी गच्ची. आत्यांना फोन केले, दोघी हो म्हणाल्या, तिसरी "बघते" म्हणाली.

नंदनवनवाला

नऊ हजारात अटॅच्ड नाही. जड आहे. पण दहाच खोल्या आहेत, दहा वेडे मिळतील. :D

रात्रपाळी_मेयो

नऊ वेडे शोधा. एक मी.

चुनखडी

नकाशा पहिल्यापेक्षा खूप शहाणा झाला. वरच्या फळ्यांवर पावलांचा आवाज येतो, खाली काका-काकू झोपतात. काँक्रीट न ओतता फळ्यांवर काथ्याची किंवा रबरी चटई, त्यावर पट्ट्या आणि प्लाय, असं कोरडं करा. हलकंही राहील. पण या वर्षी पैसा आधी छपरावर लावा. मिरगाच्या आधी कवेलू फेरून घ्या, बाकी सगळं पावसाळ्यानंतर.

धाकटे_महालकर

कवेलू फेरणारा माणूस कुठे मिळेल? आमचा जुना वारला, त्याचा मुलगा ई-रिक्षा चालवतो.

कवेलूखालचा

माझ्याकडे एक आहे, पण तो एप्रिलनंतर कोणाचा फोन उचलत नाही. नंबर व्यनि (खासगी निरोप) करतो. उद्याच लावा.